सही करण्याआधी पार्किंगचा नकाशा उघडा

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, सहकारनगर अशा कुठल्याही भागात गल्लीत शिरलं की पत्र्याच्या कुंपणाआड चाललेलं एखादं तरी काम दिसतंच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या, तीन मजली, बारा-सोळा बिऱ्हाडांच्या सोसायट्या पाडून तिथे अकरा-बारा मजले उभे राहताहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. गळकी गच्ची, फुगलेल्या सळ्या आणि लिफ्ट नसल्यामुळे तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेले आजी-आजोबा ज्यांनी पाहिलेत, ते विरोध करणार नाहीत. माझी तक्रार आहे ती सभेत कशावर बोललं जातं याबद्दल. जादा चटई क्षेत्र किती, कॉर्पस किती, भाडं किती, या तीन प्रश्नांवर तासन् तास जातात. पार्किंगचा विषय निघाला की बिल्डरचा माणूस सांगतो, "प्रत्येक सभासदाला एक कव्हर्ड पार्किंग देणार." लोक माना डोलावतात आणि सभा पुढे सरकते.

त्या एका वाक्यात काय काय दडलेलं असू शकतं, ते करारनाम्यावर सही होण्याआधी तुम्हाला दिसावं म्हणून हा लेख लिहितो आहे. घरातली फरशी, ओटा, कपाटं पुढे कधीही बदलता येतात. पार्किंगचे कॉलम एकदा ओतले की विषय संपला. नव्या इमारतीतला तुमचा रोजचा दिवस सुखाचा जाणार की भांडणाचा, हे बरंचसं पार्किंगच्या मजल्यांवर ठरतं.

आधी पार्किंगच्या अडचणीचं मूळ समजून घ्या. वर घरं किती बांधता येतील हे रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरायचा तर रस्ता किमान ९ मीटर रुंद हवा, असं ती सांगते. ही अट त्याआधीही होती, म्हणूनच पुणे महापालिकेत २०२० साली ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर मोठा वाद झाला. घरं वाढली की गाड्यांच्या जागाही वाढवाव्या लागतात, मात्र भूखंड आहे तेवढाच राहतो. आठशे-नऊशे चौरस मीटरच्या प्लॉटवर सोळाची चाळीस घरं झाली, तर गाड्यांना एकतर जमिनीखाली जावं लागतं, नाहीतर वर चढावं लागतं.

वर चढायला रॅम्प लागतो, आणि सगळं गणित अडतं ते इथे. आठ मीटर पुढे जाताना एक मीटर वर, यापेक्षा जास्त चढ गाडीला सोसत नाही. पावसाळ्यात ओल्या रॅम्पवर दुचाकीला तर मुळीच नाही. एका मजल्याची उंची साडेतीन मीटर धरली, तर रॅम्पची लांबी झाली अठ्ठावीस मीटर. नऊशे चौरस मीटरचा प्लॉट चौकोनी असेल तर त्याची एक बाजू तीस मीटरची. त्यातून चारही बाजूंची मोकळी जागा वजा करा. रॅम्प बसतच नाही. मग आर्किटेक्ट कार लिफ्ट दाखवतो, नाहीतर एकावर एक गाडी ठेवणारं यंत्र. नकाशात दोन्ही गोष्टी नीटनेटक्या दिसतात, नियमांतही बसतात. रोज सकाळी नऊ वाजता त्यांचं काय होतं, हे नकाशा सांगत नाही.

कार लिफ्टचा हिशोब सभेतच मांडा. दार उघडायचं, गाडी आत घ्यायची, दार बंद, लिफ्ट खाली, गाडी बाहेर, आणि रिकामी लिफ्ट परत वर. या सगळ्याला दोन ते तीन मिनिटं सहज लागतात. म्हणजे एका लिफ्टमधून तासाभरात वीस ते तीस गाड्या निघतात, तेही मधे कोणी वर यायचं म्हणून खाली खोळंबलेलं नसेल तर. वरच्या दोन मजल्यांवर चाळीस गाड्या असतील आणि त्यातल्या निम्म्या सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान निघणार असतील, तर रांग अटळ आहे. म्हणून एकच कार लिफ्ट असलेल्या प्रस्तावाला मी "नाही" म्हणायला सांगतो. दोन लिफ्ट हव्यात, दोन्ही जनरेटरवर चालणाऱ्या हव्यात. एक दुरुस्तीला गेली तरी दुसरीने काम चाललं पाहिजे.

स्टॅक पार्किंगमध्ये दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक सभासदांना क्वचितच कोणी समजावून सांगतो. साध्या स्टॅकमध्ये खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरची खाली येत नाही. हे डिपेंडंट पार्किंग. मागे-पुढे लावायच्या दोन गाड्यांचंही तेच. एकाच घरच्या दोन गाड्या अशा लावल्या तर काही बिघडत नाही. दोन वेगळ्या बिऱ्हाडांना असा जोड देणं म्हणजे त्यांना आयुष्यभर एकमेकांच्या चावीवर अवलंबून ठेवणं. पहाटे साडेचारला विमानतळावर निघायचं असताना खालच्या गाडीचा मालक गावाला गेलेला असतो, आणि चूक दोघांचीही नसते. पझल पार्किंगमध्ये गाड्या ठेवायचे फलाट आडवे-उभे सरकतात, त्यामुळे तुमची गाडी तुम्हाला एकट्याने काढता येते. पण त्यात मोटारी, साखळ्या, सेन्सर सगळं जास्त, म्हणून देखभालही जास्त.

यंत्र कुठलंही असो, चार गोष्टी लेखी मागा. एका फलाटावर किती वजन चालतं, आणि किती उंचीची गाडी बसते? बसक्या सेडानसाठी बनवलेल्या कप्प्यात आजच्या उंच एसयूव्ही जात नाहीत, हे ताबा घेतल्यावर कळून उपयोग नाही. वीज गेली तर गाडी खाली कशी आणायची? जमिनीत खड्डा असलेलं यंत्र असेल, तर त्यात साचलेलं पावसाचं पाणी उपसायला पंप आहे का? या खड्ड्यांत पाणी राहिलं की आधी डास होतात, मग गंज चढतो. आणि वार्षिक देखभालीचा करार पहिली पाच वर्षं कोणाच्या खर्चाने? हा शेवटचा प्रश्न सभासदांना किरकोळ वाटतो. पुढे दरमहा देखभाल शुल्कावरून वाद पेटतो, तो याच मुद्द्यावर. ज्यांची गाडी जमिनीवर उभी असते ते म्हणतात, यंत्राचा खर्च आम्ही का द्यायचा? माझ्या मते तो सगळ्यांनी द्यावा, कारण काहींनी यंत्रावर गाडी ठेवायला मान्यता दिली म्हणूनच बाकीच्यांना जमिनीवरची जागा मिळाली. पण हा ठराव करारनाम्याआधी व्हायला हवा. घरोघरी जागा वाटून झाल्यावर त्याला कोणी हात वर करत नाही.

आता मोजमाप. नियमावलीत कारच्या जागेचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर आहे. पण ५० टक्क्यांपर्यंत जागा २.३ बाय ४.५ मीटरच्या ठेवायलाही परवानगी आहे. कागदावर हा फरक फारसा वाटत नाही, म्हणून सभेच्या दिवशी पुढची कृती करा. जुन्या सोसायटीच्या अंगणात खडूने ही दोन्ही मापं आखा. नकाशात कॉलम जिथे दाखवलाय तिथे विटा रचा. मग सोसायटीतली एखादी क्रेटा आणून छोट्या चौकटीत लावा. क्रेटाची रुंदी १.७९ मीटर. चौकटीत उरले ५१ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक वीत. आता ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय अशा काकूंना त्या गाडीतून उतरून दाखवायला सांगा. इनोव्हा क्रिस्टाची लांबी ४.७३ मीटर आहे, म्हणजे ती या चौकटीच्या बाहेरच येणार. वॅगनआर मात्र आरामात बसेल. वीस मिनिटांत सभेचा सूर बदलतो. "कव्हर्ड पार्किंग" म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मग लोक स्वतःच विचारू लागतात.

कॉलमचं म्हणाल तर ते वरच्या घरांच्या भिंती आणि खोल्या पाहून ठरतात. वर हॉल मोठा करायचा म्हणून कॉलम सरकला, की खाली तो दोन गाड्यांच्या मधोमध येतो किंवा नेमका दारासमोर. म्हणून वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर करताना पार्किंगचा नकाशा शेजारी ठेवूनच पाहा. काटकोनात गाडी लावायची असेल तर समोर साडेपाच ते सहा मीटरची मोकळी वाट हवी. ती चारवर आली तर प्रत्येक गाडी चार वेळा मागेपुढे करावी लागेल आणि तितकी भिंतही खरवडली जाईल. उंची मोजायची ती छतापर्यंत नव्हे, तर तुळईच्या खालपर्यंत. त्याहीखाली ड्रेनेजचे पाइप, स्प्रिंकलरची नळी आणि विजेचे ट्रे लोंबतात. त्यांच्याखाली उरते ती खरी उंची, आणि तोच आकडा लिहून घ्या.

दुचाकींकडे मात्र कोणीच नीट पाहत नाही, आणि तेही पुण्यात! एका घरात एक कार असते, पण दुचाकी दोन-तीन असतात. नकाशात त्यांना एक बाय दोन मीटरचे चौकोन मिळतात आणि ते बहुधा कारला नको असलेल्या कोपऱ्यांत असतात. कॉलममागे, जिन्याखाली, कधी दुसऱ्या मजल्यावर, जिथे कार लिफ्टशिवाय पोचताच येत नाही. दुचाकी तळमजल्यावरच हव्यात, हा आग्रह सोडू नका. घरकामाला येणाऱ्या मावशींची स्कूटी, दूधवाले, डिलिव्हरीवाले, शाळकरी मुलांच्या सायकली यांचाही विचार करा. त्यांना आत जागा नसली की ती सगळी वाहनं फाटकासमोर रस्त्यावर येतात. तळमजल्यावर माणसांच्या लिफ्टजवळ एक जागा अशी राखून ठेवा, की जिथे रुग्णवाहिका उभी राहील आणि स्ट्रेचर सरळ आत जाईल. तिच्यावर कोणाचंही नाव नको.

आग आणि पाणी या दोन बाबतींत तडजोड नको. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडी फिरण्यासाठी ६ मीटरची मोकळी, टणक वाट ठेवतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ती जमीन ४५ टन वजन पेलणारी हवी. पुष्कळ सोसायट्यांमध्ये नेमकी हीच जागा पुढे "पाहुण्यांचं पार्किंग" होते. कुंड्या येतात, शेड येते, दोन जुन्या गाड्या कायमच्या ठाण मांडतात. त्या वाटेखाली पाण्याची टाकी असेल, तर तिचा स्लॅब एवढं वजन घेईल असं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. घाटकोपरला जून २०२१ मध्ये एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली कार बघता बघता पाण्यात गडप झाली, ते दृश्य पुष्कळांना आठवत असेल. तिथे जुन्या विहिरीचा निम्मा भाग काँक्रीटने झाकून त्यावर गाड्या लावल्या जात होत्या. जुन्या पुण्यातही आडांची आणि विहिरींची कमतरता नव्हती. आपल्या प्लॉटवर पूर्वी काय होतं, हे सोसायटीतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा आणि ते इंजिनिअरच्या कानावर घाला.

बेसमेंट असेल तर पुराचा इतिहास तपासा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वर भागात काय केलं आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं, हे पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्या-नाल्याजवळच्या किंवा खोलगट प्लॉटवर मी बेसमेंट सुचवणार नाही. ते टाळता येत नसेल, तर मीटर रूम, जनरेटर आणि अग्निशमनाचे पंप खाली ठेवू देऊ नका. उपसा पंपांना स्वतंत्र वीज हवी, आणि रॅम्पच्या तोंडाशी पाणी अडवणारा उंचवटा हवा.

विजेच्या गाड्यांची सोय आत्ताच करून घ्या. राज्याच्या २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींमधल्या किमान २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याचं म्हटलं होतं. मी त्यापुढे जाऊन सांगेन, की मीटर रूमपासून प्रत्येक गाडीच्या जागेपर्यंत रिकामा पाइप टाकून घ्या. बांधकाम चालू असताना त्याचा खर्च फारसा नसतो. नंतर तुळया फोडून वायर न्यावी लागते आणि ती कोणाच्या जागेवरून न्यायची यावर सभा तहकूब होतात. वीजजोडणीचा मंजूर भार ठरवतानाही हा हिशोब धरा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला, की मोफा (महाराष्ट्र मालकी सदनिका) कायद्याखाली स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, आणि बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने गॅरेजची व्याख्या केली: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. उघड्या पार्किंगच्या जागा सामाईक क्षेत्रात धरल्या. उघडं पार्किंग विकता येणार नाही, हे महारेराने २०२१ च्या परिपत्रकात पुन्हा स्पष्ट केलं. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने आणखी एक चांगली गोष्ट केली. तुळई आडवी येते, गाडी बसत नाही, दार उघडत नाही अशा तक्रारी वाढल्यामुळे आच्छादित पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं नेमकं ठिकाण करारासोबतच्या जोडपत्रात देणं बंधनकारक केलं.

पण जुन्या सभासदांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हे संरक्षण प्रामुख्याने नवीन घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. पुनर्विकासात आपलं जुनं घर देऊन नवं घेणारा सभासद सहसा रेराच्या अर्थाने ग्राहक धरला जात नाही. तुमचं संरक्षण तुमच्या विकास करारनाम्यात असेल तेवढंच. म्हणून महारेराने जे जोडपत्र घालून दिलंय, ते जसंच्या तसं जुन्या सभासदांसाठीही मागा. करारनाम्याला सगळ्या पार्किंग मजल्यांचे नकाशे जोडा, प्रत्येक जागेला क्रमांक द्या, जुन्या सभासदांच्या जागा वेगळ्या रंगाने दाखवा आणि प्रत्येक पानावर बिल्डरची सही घ्या. "महापालिकेच्या मंजुरीनुसार बदल करण्याचा अधिकार विकासकाला राहील" असं कलम असेल, तर त्यात "पार्किंग वगळून" हे दोन शब्द घालायला वकिलांना सांगा. बदल करायचाच असेल तर विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मंजुरी लागेल, असं लिहा. प्रत्येक सभासदाच्या स्वतंत्र करारातही त्याच्या जागेचा क्रमांक आला पाहिजे.

वाटप कसं करायचं, यावर माझं मत ठाम आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात, त्याही सगळ्यांसमोर, आणि करारनाम्याआधी. समितीच्या सदस्यांनी आधी जागा निवडल्या असा संशय जरी आला, तरी नव्या इमारतीत ती कटुता दहा वर्षं मुरते. ज्येष्ठ आणि अपंग सभासदांसाठी लिफ्टजवळच्या चार-पाच जागा आधी बाजूला काढा, मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाका. आज ज्यांच्याकडे कार नाही त्यांनीही आपला हक्क सोडू नये. मुलगा परत येतो, घर विकायची वेळ येते, अशा प्रसंगी जागा नसलेल्या घराची किंमत पडते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची पद्धत आदर्श उपविधींत आहे. ती नव्या सोसायटीतही वापरता येते.

मोठ्या प्लॉटचा विचार मात्र पुष्कळ आधी करायला हवा. शेजारच्या सोसायटीची अवस्थाही तुमच्यासारखीच असेल, तर दोघींनी मिळून एकच प्रस्ताव करा. मधली भिंत गेली की दोन्ही बाजूंची मोकळी जागा एक होते, रॅम्पला लांबी मिळते, गाड्यांना वळायला वाव मिळतो, आणि यंत्रांवरचं अवलंबित्व कमी होतं किंवा संपतं. दोन सोसायट्यांची मनं जुळवायला वर्षभर जाईल. जुन्या घरात एक वर्ष जास्त काढावं लागेल, असंही कोणी म्हणेल. तरीही माझा सल्ला हाच. अठ्ठावीस मीटरचा रॅम्प पन्नास वर्षं काम देतो, त्याला ना वीज लागते ना देखभालीचा करार.

गल्लीचंही बघा. ९ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे पाच मीटर उरतात. कचऱ्याची गाडी आणि शाळेची बस समोरासमोर आली की तेही संपतात. एका गल्लीतल्या पाच-सहा सोसायट्या एका वेळी पुनर्विकासाला निघाल्या असतील, तर त्यांच्या समित्यांनी एकत्र बसावं. कोणाचं फाटक कुठे, गाड्या कुठून बाहेर पडणार, सिमेंट मिक्सरच्या गाड्या कोणत्या वेळेला येणार, मजुरांच्या दुचाकी कुठे लागणार, एवढं ठरवून वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना एकच निवेदन द्या. एकेकट्या सोसायटीच्या पत्रापेक्षा अशा निवेदनाची दखल लवकर घेतली जाते.

ताबा घेण्याच्या दिवशी घराच्या चावीआधी पार्किंगमध्ये जा. भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा मंजूर नकाशा हातात ठेवा, मापाची फीत घ्या आणि आपली जागा मोजा. आपलीच गाडी आणून लावा, दारं उघडा, यंत्र असेल तर ते दोनदा वर-खाली करायला लावा, एकदा वीज बंद करून. यंत्राची वॉरंटी, देखभालीचा करार, कार लिफ्टचे परवाने आणि अग्निशमन यंत्रणेची कागदपत्रं समितीच्या नावाने घ्या. पुढे दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो, त्याची जबाबदारी समितीतल्या एकाकडे नावानिशी द्या. मापात फरक आढळला, तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्या आणि ती मिळाल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नका.